नवे बुश चौदा महिन्यांत पुन्हा फाटले: जुन्या एमएक्स-५ चं सस्पेन्शन

माझी गाडी १९९६ ची माझदा एमएक्स-५, १.८ लिटरवाली. मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहते. गाडी बारा महिने उघड्यावर असते आणि हिवाळ्यातही रोज बाहेर निघते. पुढच्या सस्पेन्शनचे आठही रबरी बुश (चाक धरणारे आर्म, म्हणजे धातूचे हात, गाडीला जिथे जोडतात तिथल्या रबरी गाद्या) मी एका गॅरेजमधून नवे घालून घेतले होते. सहा-सात महिने गाडी सुरेख चालली. मग गतिरोधकावरून उतरताना पुढून ‘टक’ असा आवाज यायला लागला. चौदाव्या महिन्यात एमओटीच्या, म्हणजे इथल्या वार्षिक तपासणीच्या कागदावर पुन्हा तोच शेरा आला: पुढच्या वरच्या आर्मचे बुश खराब.

घाईत असाल तर उत्तर आधीच सांगते. बुश वाईट नव्हते. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट पक्के आवळले होते, म्हणून ते फाटले. तुमचेही नवे बुश दीड-दोन वर्षांत जात असतील तर तिसऱ्यांदा पैसे घालण्याआधी हे वाचा.

आधी खात्री करा, बुशच आहेत ना

बुश गेले की गाडी सरळ रस्त्यावरही किंचित भटकते, ब्रेक दाबला की एका बाजूला ओढते, आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून आणली तरी काही आठवड्यांत टायर आतल्या कडेनं खायला लागतो. मागचे बुश गेले असतील तर वळणावर ॲक्सिलरेटर सोडताच गाडीचा मागचा भाग स्वतःहून थोडं वळल्यासारखं वाटतं. एमएक्स-५ मध्ये हे लगेच कळतं, कारण १९८९ साली शिकागोच्या मोटार शोमध्ये आलेल्या तिच्या पहिल्या मॉडेलच्या चारही चाकांना डबल विशबोन आहे, आणि माझी गाडी त्याच मॉडेलची. प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या आर्मवर तोललेलं, आणि प्रत्येक आर्म बुशवर. गाडीच्या स्वभावात या रबराचा वाटा फार मोठा आहे.

पण खडखडाट नेहमी बुशचाच असतो असं नाही. अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडीचं कलणं रोखणाऱ्या दांडीच्या) छोट्या लिंका झिजल्या तरी असाच आवाज येतो, आणि त्या बदलणं स्वस्त नि सोपं आहे, म्हणून सुरुवात तिथून करा. चाक हवेत घेऊन वरखाली धरून हलवा: खेळ असेल तर व्हील बेअरिंग किंवा बॉल जॉइंट बघा. नुसतं आडवं हलवल्यावर खेळ लागला तर टाय रॉडचं, म्हणजे स्टीअरिंगकडून चाकाकडे येणाऱ्या दांडीचं टोक. हे सगळं ठीक असेल तर आर्म आणि ब्रॅकेटच्या मध्ये छोटी पहार घालून हलकेच उचका. रबर थोडं लवलं तर हरकत नाही, ते लवण्यासाठीच असतं. रबर धातूपासून सुटून फट उघडली, किंवा आतली नळी एका बाजूला टेकलेली दिसली, की बुश गेला.

एकाच डब्यातले बुश, पण वरचेच का फाटले?

खालच्या आर्मचे चारही बुश ठणठणीत होते. एकाच दिवशी, एकाच कंपनीचे, एकाच माणसानं घातलेले. तरी वरच्या चारपैकी तीन फाटले होते. माझा संशय मालावर होता. मामांना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी कोल्हापुरात उद्यमनगरात तीस वर्षं गाड्यांची कामं केली आहेत.

“फक्त वरचेच गेलेत?”

“हो मामा. खालचे नव्यासारखे आहेत.”

“मग मालाला दोष देऊ नको. अगं, बोल्ट आवळताना गाडी चाकांवर होती का लिफ्टवर?”

मी गॅरेजमध्ये उभी होते तेव्हाचं चित्र डोळ्यांसमोर आलं. गाडी डोक्याच्या वर, चारही चाकं खाली लोंबकळलेली, आणि इम्पॅक्ट गनचा आवाज.

“लिफ्टवर.”

“झालं तर. रबराला पीळ बसलाय. एक बोल्ट ढिला करून बघ, आपोआप कळंल.”

त्यांनी सांगितलेली परीक्षा तुम्हीही करू शकता. गाडी चारही चाकांखाली सारख्या उंचीच्या भक्कम लाकडी ठोकळ्यांवर किंवा रॅम्पवर उभी करा, म्हणजे वजन चाकांवरच राहील. जो बुश अजून शाबूत आहे त्याच्या आतल्या नळीवर आणि शेजारच्या ब्रॅकेटवर मिळून पांढऱ्या पेंटची एक सरळ रेघ ओढा. मग नट ढिला करा. माझ्या गाडीत डावीकडचा मागचा बुश तेवढा शिल्लक होता. नट सैल होताच ‘टण्’ असा आवाज आला आणि रेघ मधोमध तुटली. नळीवरचा अर्धा भाग ब्रॅकेटवरच्या अर्ध्यापासून ३ मिलिमीटर सरकला होता. चौदा महिने ते रबर तेवढा पीळ धरून होतं, गाडी नुसती उभी असतानासुद्धा.

सस्पेन्शनचा रबरी बुश म्हणजे बाहेर एक धातूची नळी, आत एक धातूची नळी, आणि दोन्हींना चिकटवून पक्कं केलेलं मधलं रबर. बाहेरची नळी आर्ममध्ये दाबून बसवलेली असते. आतल्या नळीच्या दोन्ही टोकांना बारीक दाते असतात. बोल्ट आवळला की ते दाते ब्रॅकेटला घट्ट धरतात आणि ती नळी नंतर फिरत नाही. चाक वरखाली होताना आर्म फिरतो तो फक्त रबराच्या पिळावर. म्हणजे बोल्ट ज्या स्थितीत आवळाल ती रबराची विश्रांतीची जागा.

ती जागा गाडी रस्त्यावर उभी असतानाची असायला हवी. मग खड्ड्यात रबर थोडं इकडे पिळतं, उंचवट्यावर थोडं तिकडे, आणि मधल्या वेळी मोकळं असतं. लोंबकळत्या चाकावर आवळलं तर गाडी खाली ठेवल्याक्षणी रबर एका बाजूला पिळून बसतं, आणि प्रत्येक उंचवट्यावर त्या पिळात भर पडते. आकड्यात सांगायचं तर, माझ्या गाडीत हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चाकांवर ३५ सेंटिमीटर भरतं आणि चाक लोंबकळल्यावर ४३. म्हणजे ८ सेंटिमीटरचा फरक. हिशेबासाठी ३० सेंटिमीटर लांबीचा आर्म धरला तर तो सुमारे १५ अंश फिरतो. २२ सेंटिमीटरचा धरला तर २१ अंश. डबल विशबोनमध्ये वरचा आर्म खालच्यापेक्षा आखूड असतो, म्हणून त्याच्या बुशला जास्त पीळ बसतो. वरचे आधी जाण्याचं हे एक कारण.

दुसरं कारण मला मामांशी बोलून झाल्यावर रात्री उशिरा लक्षात आलं, आणि मला वाटतं खरी गोम तिथेच आहे. एमएक्स-५ च्या खालच्या आर्मचे आतले बोल्ट साधे नाहीत. त्यांच्यावर कॅमची, म्हणजे मध्यापासून बाजूला सरकलेल्या भोकाची चकती असते, ती फिरवून अलाइनमेंट करतात. प्रत्येक चाकाला दोन, असे गाडीला आठ. बुश बदलल्यावर गाडी अलाइनमेंटला गेली, तेव्हा तिथल्या माणसानं हे कॅम बोल्ट सैल केले, मापं जुळवली आणि परत आवळले. त्या वेळी गाडी स्वतःच्या चाकांवर उभी होती. म्हणजे खालच्या बुशचा पीळ तिथे नकळत निघून गेला! वरच्या आर्मच्या बोल्टवर कॅम नाही, त्यामुळे त्याला कोणी हातच लावला नाही.

तुमच्याही गाडीत नेमके बिनकॅमच्या बोल्टचे बुशच परत परत जात असतील, तर निदान झालंच म्हणून समजा.

वरचे बुश पुन्हा घालताना

गाडी उचलण्याआधीच, सपाट जमिनीवर, चारही चाकांचं हब ते मडगार्ड अंतर मोजून कागदावर लिहून ठेवा. यानंतरचं सगळं काम या चार आकड्यांवर आहे. गाडी उचलायला पुढे मधला क्रॉसमेंबर (सस्पेन्शन धरणारी आडवी तुळई) आणि मागे डिफरन्शिअलचं कवच, या दोन जागा धरा. जुन्या एमएक्स-५ मध्ये दारांखालचे सिल, विशेषतः मागच्या चाकाच्या पुढचा भाग, आतून गंजतो. तिथे स्टँड लावण्याआधी पत्रा दाबून बघा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही.

शॉकॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकत्र जोडलेले असतात. आर्म काढताना ते अख्खेच सोडवून बाजूला घ्या. वरच्या टोकाचा मधला नट उघडायचा नाही, त्याच्याखाली स्प्रिंग दाबलेली असते.

जुना बुश आर्ममधून काढायला प्रेस असेल तर उत्तमच. नसेल तर जाड व्हाइस आणि पान्याच्या दोन गोट्या (सॉकेट) चालतात: एक बुशच्या बाहेरच्या नळीएवढी, ढकलायला, आणि दुसरी तिच्याहून मोठी, बुश जिच्यात उतरेल अशी. कोल्हापुरात हे काम घेऊन मी कुठल्याही लेथवाल्याकडे गेले असते आणि चहा होईपर्यंत बुश निघाला असता. इथे ते शेडमध्ये एकटीनं करावं लागलं. बुश हलतच नसेल तर आधी मधलं रबर ड्रिलनं पोखरून आतली नळी काढा, मग हॅक्सॉचं पातं आतून घालून बाहेरच्या नळीला लांबीनं एक चीर द्या. चीर नळीच्या जाडीइतकीच, आर्मच्या धातूला लागू द्यायची नाही. मग छिन्नीनं ती कड आत दुमडली की नळी सैल पडते. काही जण रबर पेटवून देतात. तो धूर विषारी असतो, आणि शेजारच्या बॉल जॉइंटची रबरी टोपीही त्यात जळते. ते करू नका.

नवा बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला की अंगानं किंचित आकसतो. आर्मचं भोक पॉलिश पेपरनं गंज निघेपर्यंत साफ करा. चिकटवलेल्या रबराच्या बुशला ग्रीस किंवा तेल लावायचं नाही, खनिज तेलानं रबर फुगतं. घसरण हवीच असेल तर साबणाचं पाणी. आणि दाबताना जोर फक्त बाहेरच्या नळीवर द्या. आतल्या नळीवर दाब दिला तर नवा कोरा बुश तुमच्याच हातानं फाटेल.

आता मुख्य गोष्ट, आवळणं. सगळे बोल्ट हातानं फिरतील इतकेच लावा. खरं तर यानंतर चाक चढवून, गाडी ठोकळ्यांवर उतरवून, बोल्ट आवळायला हवेत. खालच्या बोल्टना हे जमतं. वरच्या आर्मच्या लांब बोल्टला मात्र चाक आडवं येतं. साध्या पान्यानं नट कसाबसा ढिला होतो, पण आवळायला टॉर्क पाना (ठरावीक जोरानं आवळणारा) फिरतच नाही. नेमकं म्हणूनच गॅरेजमध्ये तो हवेत आवळला जात असावा.

पहिल्यांदा मी एकाच बाजूच्या बॉल जॉइंटखाली जॅक लावून आर्म वर ढकलला. पण एमएक्स-५ जेमतेम हजार किलोची गाडी. आर्म ३८ सेंटिमीटरवर आला आणि तो कोपरा स्टँडवरून उचलला जायला लागला. मी तिथेच थांबले. बरोबर पद्धत अशी: दोन्ही पुढची चाकं काढा आणि दोन्ही खालच्या आर्मच्या बाहेरच्या टोकांखाली, बॉल जॉइंटजवळ, लाकडाचे भक्कम ठोकळे ठेवा. मग मधला जॅक हळूहळू उतरवत गाडीचं वजन दोन्ही ठोकळ्यांवर एकदमच घ्या. स्टँड काढायचे नाहीत, ते बोटभर अंतरावर खाली तसेच राहू द्या. आता हब ते मडगार्ड मोजा. तुमच्या कागदावरचा आकडा आला की वर्कशॉप मॅन्युअलमधल्या टॉर्कला बोल्ट आवळा. माझ्याकडे डावीकडे ३५ आणि उजवीकडे ३४.८ आलं. एवढा फरक चालतो.

मागचा जाम बोल्ट

पुढचं काम झालं तसं मागचंही उघडलं, कारण मागचे बुश गाडीच्या जन्मापासूनचे होते. पुढचं काम एका दिवसात संपलं, इथे तीन शनिवार गेले.

इथे हिवाळ्यात बर्फ साचू नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते पाणी बोल्ट आणि बुशची आतली नळी यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत शिरतं, आणि वर्षानुवर्षांच्या गंजानं दोघांचा एक जीव होतो. सगळ्यात वाईट मागच्या खालच्या आर्मच्या बाहेरच्या टोकाचा लांब बोल्ट. ओळखायचं कसं? नट सहज सुटतो, पण बोल्टचं डोकं फिरवलं की त्याच्याबरोबर बुशचं रबरही पिळतं आणि सोडल्यावर डोकं मागे येतं. म्हणजे बोल्ट आतल्या नळीत जाम आहे.

मी तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पेनिट्रेटिंग ऑइल मारलं. उजवीकडचा बोल्ट चौथ्या दिवशी सुटला: नट टोकाशी परत चढवून, आटे सांभाळून, त्याच्यावर हातोड्याचे ठोके, मग लांब दांड्याच्या पान्यानं थोडं पुढे, थोडं मागे. डावीकडचा सुटला नाही. ब्यूटेनच्या ज्योतीनं तापवूनही नाही. (तापवताना ब्रेकचा होज आणि पेट्रोलची नळी कुठे आहे ते आधी बघा, आणि पाण्याची बादली जवळ ठेवा.)

अशा वेळी जोर वाढवत जाऊ नका. बोल्ट तुटला तर एक वेळ चालेल, पण ब्रॅकेट किंवा हबचा कान वाकला तर त्याला उपाय नाही. मी करवत घेतली. धातू कापणारं बायमेटल पातं लावलेली इलेक्ट्रिक करवत आर्म आणि हबच्या मधल्या फटीत घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापला. एका कापाला वीस मिनिटं आणि दोन पाती लागली. डोळ्यांवर गॉगल हवाच. करवत लावण्याआधी नवे बोल्ट हातात असू द्या. माझ्याकडे नव्हते, म्हणून तिसरा शनिवार लागला.

कॅमचे बोल्टही असेच जाम होतात. ते सोडवण्याआधी चकती कुठल्या खुणेवर आहे याचा फोटो काढा आणि पेंटनं रेघ मारा, निदान अलाइनमेंटच्या जागेपर्यंत गाडी सरळ जाईल. नवे बोल्ट घालताना त्यांच्या गुळगुळीत भागावर गंजरोधक पेस्टचा पातळ थर द्या. बोल्ट आणि धातूची नळी यांच्यामध्येच, रबराला लागू द्यायची नाही. आट्यांनाही नको, कारण ओल्या आट्यांवर तोच टॉर्क जास्त ताण देतो.

पॉलियुरेथेन घालावं का?

खूप जण विचारतात. पॉलियुरेथेन, म्हणजे पॉली, हे रबराऐवजी वापरायचं कडक प्लास्टिक. पॉलीच्या बुशमध्ये आतली नळी पॉलीला चिकटलेली नसते, ती फिरते. म्हणून पिळाचा प्रश्नच येत नाही, आणि घालायलाही प्रेस लागत नाही. पण फिरते म्हणजे घासते. सिलिकॉन ग्रीस संपलं की दरवाजाच्या बिजागरीसारखं किरकिरतं, आणि ग्रीस द्यायला ते परत उघडावं लागतं. शिवाय ते रबरापेक्षा कडक असतं, त्यामुळे रस्त्याची प्रत्येक खडी सीटपर्यंत येते. गाडी ट्रॅकवर नेत असाल तर पॉली घाला. माझ्यासारखी रोज ऑफिसला नेत असाल तर रबरच. नीट आवळलेलं रबर किती टिकतं याचा पुरावा माझ्या गाडीचे मागचे बुश होते: पाव शतक जुने, भेगाळलेले, पण पूर्ण सुटलेले एकही नाही.

गाडी खाली बसवायला आखूड स्प्रिंगा घातल्या असतील तर हाच दोष वेगळ्या दारानं येतो. उंची बदलली म्हणजे रबराची विश्रांतीची जागाही बदलायला हवी. सगळे बुशचे बोल्ट नव्या उंचीवर सैल करून पुन्हा आवळावे लागतात, आणि हे काम बहुतेक वेळा राहून जातं. बुशवर तेल गळत असेल तर आधी ती गळती बंद करा.

महाराष्ट्रात बसून हे वाचत असाल आणि दारात साधी हॅचबॅक असेल, तरी खालच्या आर्मचा आडव्या बोल्टचा बुश बदलताना मेकॅनिकला एवढंच सांगा: “शेवटचं आवळणं गाडी चाकांवर घेऊन करा.” आपल्याकडे रॅम्पवर किंवा खड्ड्यावर गाडी उभी करून काम करणारे खूप आहेत, तिथे हे सहज होतं. दोन खांबांच्या लिफ्टवर मात्र आठवणीनं सांगावं लागतं.

काम झाल्यावर चारही चाकांची अलाइनमेंट करून घेतली. मग दोनशे मैल चालवून सगळे बोल्ट टॉर्क पान्यानं पुन्हा तपासले, आणि प्रत्येक बुशच्या नळीवर व ब्रॅकेटवर मिळून एकेक पांढरी रेघ ओढून ठेवली. त्यानंतर दोन हिवाळे गेले. मागच्या महिन्यात चाकं काढून बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर वरच्या आर्मच्या चारही रेघा अखंड आहेत आणि रबराला नखाएवढीही भेग नाही. मामांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, “आता मागच्या लिंका बघ.”